पाटीवरचे नाव
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी वक्त्याने गतकालाचा गौरव करावा अशी चाल आहे. तो गौरव ह्या व्यासपीठावरून आज पुष्कळ झाला आणि तो यथार्थच झाला. आम्हांस दिलेला विषय मात्र थोडा आडवळणाचा आहे. आपल्या कॅथोलिक शाळांस, महाविद्यालयांस व विद्यापीठांस धर्मसंघांच्या संस्थापकांची नावे दिलेली आढळतात. ती का दिली जातात, आणि ज्या पुरुषाचे नाव दिले त्याचे त्या संस्थेशी पुढे काय नाते उरते, असा तो विषय आहे. वरवर पाहता हा पाट्या वाचीत हिंडण्याचा रिकामा उद्योग वाटेल. परंतु पाटीवर कोणाचे नाव लिहिणे ही एक प्रतिज्ञा आहे असे आम्ही मानतो. ती पाळली जाते किंवा नाही हे विचारण्याचा अधिकार ज्यांची मुले त्या पाटीखालून आत जातात त्यांस आहे, आणि ज्यांची मुले रस्त्यावर उभी राहून ती पाटी नुसती वाचतात त्यांसही आहे.

दौंडपासूनच आरंभ करू. दौंडच्या शाळेस संत सेबॅस्टियन ह्यांचे नाव आहे. सेबॅस्टियन हे कोणत्याही धर्मसंघाचे संस्थापक नव्हेत. त्यांनी शाळा काढली नाही की ग्रंथ लिहिला नाही. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोम नगरीत त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, आणि परंपरा त्यांस सैनिक म्हणून ओळखते. ज्या गावाच्या एका अंगास लोहमार्गांचे जाळे आणि दुसऱ्या अंगास राज्य राखीव पोलीस दलाच्या छावण्या, त्या गावास सैनिक संत शोभतोही. शिरूरचेही तेच. तेथे एके काळी इंग्रजी फौजेची छावणी होती, आणि 1809 साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेस ह्यांची कबर आजही दाखविली जाते. आपल्या ह्या दोन्ही गावांची ओळख प्रथम पलटणींना झाली, शाळामास्तरांना मागाहून.

हुतात्म्याचे नाव शाळेस दिले असता तो आपल्याजवळ धैर्य मागतो. संस्थापकाचे नाव दिले म्हणजे गोष्ट अधिक अडचणीची होते. कारण संस्थापक हा मागे नियमांचे पुस्तक ठेवून गेलेला असतो. कोणासाठी शाळा काढावी, तेथे काय शिकवावे, मुलांस कसे वागवावे, द्रव्य कोठून आणावे, हे त्याने लिहून ठेविलेले असते, किंवा त्याच्या चरित्रात तरी उमटलेले असते. त्यामुळे पाटी आणि शाळा ह्यांचा मेळ पडताळून पाहता येतो. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण हुतात्म्याच्या शाळेस सहसा कोणी लावीत नाही. संस्थापकाच्या शाळेस ती लावता येते.

अशी नावे आपल्या आसपास थोडी नाहीत. शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघालो की शहराच्या वेशीशी वडगाव शेरीस संत आर्नोल्ड ह्यांच्या नावाची शाळा लागते. शहर ओलांडून पाषाणकडे गेले तर 1961 साली स्थापन झालेले लोयोला हायस्कूल. मुंबईत 1869 पासून संत झेवियर ह्यांचे महाविद्यालय, माटुंग्यास डॉन बॉस्को; नागपुरास संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाची शाळा व महाविद्यालय, आणि 2004 पासून संत व्हिन्सेंट पलोटी ह्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. आपली मुले ही नावे इंग्रजी शब्द समजून उच्चारतात. त्यांत एकही मूळचा इंग्रज नाही! लोयोला व झेवियर हे स्पेनच्या उत्तरेकडील बास्क मुलखाचे, सेल्स सावोयचे, बॉस्को व पलोटी इटलीचे, आर्नोल्ड यान्सेन जर्मनीचे. आणखी एक मौज अशी की, लोयोला आणि झेवियर ही मुळी माणसांची नावे नव्हेतच. ती गढ्यांची, गावांची नावे होत. आपण शिरूरकर, नगरकर म्हणतो त्यातलाच हा प्रकार. झेवियर ह्या शब्दाचा बास्क भाषेतील मूळ अर्थ 'नवे घर'. म्हणजे आमच्या मुंबईकर मित्रांनी 'नवघरकर महाविद्यालय' म्हटले तरी फारशी चूक होणार नाही. 'डॉन' ही इटलीत धर्मगुरूस लावावयाची आदराची उपाधी, आपल्या 'राव'सारखी. तिचा चित्रपटांतील गुंडांशी काडीचाही संबंध नाही, हे लहान मुलांस एकदा सांगून ठेवणे बरे.

आता ज्या गोष्टीने आम्हांस ह्या विषयात खरोखर गोडी वाटू लागली ती सांगतो. ह्या संस्थापकांपैकी एकानेही आपल्या संघास स्वतःचे नाव दिले नाही. इग्नेशियस आणि त्यांचे सोबती 1537 मध्ये आपणांस काय म्हणवून घ्यावे ह्याचा विचार करू लागले, तेव्हा त्यांनी येशूचे नाव घेतले. 1540 मध्ये पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिली ती येशूसंघास, लोयोलासंघास नव्हे. डॉन बॉस्को ह्यांनी 1859 मध्ये संघ स्थापिला तो आपल्या आधी अडीचशे वर्षे होऊन गेलेल्या फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने. म्हणून त्यांस सेलेशियन म्हणतात. नागपूरचे जे मिशनरी, त्यांचे संस्थापक फादर मर्मिये ह्यांनीही तेच नाव घेऊन स्वतःचे मागे ठेविले. आर्नोल्ड यान्सेन ह्यांनी बारा वर्षे एका शाळेत गणित व सृष्टिविज्ञान शिकविले, आणि जर्मनीत चर्चवर सरकारी जाच चालू असता सीमेपलीकडे हॉलंडात स्टाइल ह्या गावी, एका जुन्या सरायवजा इमारतीत, 1875 साली संघ काढला. तो 'दैवी शब्दा'चा संघ. पुण्याच्या 'जीझस अँड मेरी' ह्या जुन्या कॉन्व्हेंटच्या भगिनींचा संघ लिओं शहरात 1818 साली क्लोदिन तेवने ह्यांनी काढला. पण त्या बाईंचे नाव त्या शाळेच्या पाटीवर नाही आणि ते त्यांस रुचलेही नसते.

तात्पर्य, पाटीवर संस्थापकाचे नाव लिहिण्याची चाल संस्थापकांची नव्हे, अनुयायांची आहे. आम्ही तिला दोष देत नाही. पोराने बापाचे नाव सांगावे ह्यात गैर काय? आपल्याच मुलखात सावित्रीबाई व जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली 1848 साली, आणि पुणे विद्यापीठास सावित्रीबाईंचे नाव लागले 2014 साली. अमेरिकेतील शिकागो शहराची कथा पाहा. तेथील येशूसंघाचे कॉलेज 1870 साली संत इग्नेशियसच्या नावाने निघाले व 1909 साली लोयोला विद्यापीठ झाले. त्याच शहरात व्हिन्सेंट द पॉल ह्यांच्या संघाचे कॉलेज 1907 साली त्यांच्या आडनावाने विद्यापीठ बनले. क्वचित ओघ उलटाही वाहतो. ओडिशातील झेवियर विद्यापीठाने 2021 साली आपले नाव तीन इंग्रजी अक्षरांपुरते आटोपते घेतले. नावे येतात, जातात, आखूड होतात. नावामागची प्रतिज्ञा काय होती, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

ती प्रतिज्ञा काय होती? इग्नेशियस हे तेहतीस वर्षांचे, लढाईत पाय मोडून घेतलेले गृहस्थ. 1524 मध्ये बार्सिलोना येथे ते पोरांच्या बरोबरीने बसून लॅटिनचे पाठ घेऊ लागले. ज्याने स्वतः उशिरा धुळाक्षरे गिरविली त्याला शिक्षणापासून दुरावलेल्या माणसाचे दुःख ठाऊक असते. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या संघाने पहिले कॉलेज काढले ते 1548 साली सिसिलीतील मेसिना शहरात. 1551 साली रोममध्ये शाळा निघाली. तिच्या दारावर जी पाटी लागली तिची आठवण आज अवश्य करावी. त्या पाटीवर कोणाही पुरुषाचे नाव नव्हते. व्याकरण, मानव्यविद्या आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण येथे मिळते, अशा अर्थाचा मजकूर होता, आणि शेवटी एक शब्द होता: विनामूल्य. फी न घेणे हा त्यांच्या घटनेचाच भाग होता. शाळा चालावी म्हणून आधी राजेरजवाडे, नगरसभा वा श्रीमंत गृहस्थ ह्यांजकडून स्थायी निधी मिळवावा आणि मग दार उघडावे, असा त्यांचा क्रम होता.

हा नियम पुढे सैल झाला, तो लोभाने नव्हे. 1773 साली येशूसंघच बरखास्त झाला आणि त्याच्या मिळकती गेल्या. 1814 साली संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा निधी उरले नव्हते. अखेर 1833 साली पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी फी घेण्यास सूट दिली. 'सूट' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. मूळ नियम तसाच राहिला. अडचणीपुरती त्यातून मोकळीक मिळाली. आज मोठ्या शहरांतून संस्थापकांच्या नावांच्या शाळांत प्रवेशासाठी जी धडपड चालते ती पाहता, ही सूट होती हे आता कोणाच्या ध्यानात आहे काय, अशी शंका येते.

इतरांची कथा ह्याहून निराळी नाही. संत फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात उतरले आणि हाती घंटा घेऊन रस्त्यांतून मुले व चाकरमाणसे गोळा करू लागले. त्यांस बोलावणे धाडावे लागत नसे, तेच जाऊन बोलावीत. व्हिन्सेंट पलोटी ह्यांनी रोममध्ये दिवसभर राबणाऱ्या तरुणांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. डॉन बॉस्को ह्यांच्याजवळ 1841 पासून तुरीन शहरातील अनाथ आणि गवंड्यांच्या हाताखाली राबणारी पोरे जमू लागली. त्यांनी त्या मुलांस मारझोड न करता शिकविले, चांभारकाम व शिवणकाम ह्यांचे कारखाने घातले, आणि मालकांशी लेखी करार करून पोरांची सुट्टी व मजुरी बांधून घेतली. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांच्या फाटकांशी पहाटे उभ्या असलेल्या कंत्राटी पोरांकडे पाहिले की आम्हांस तुरीनच्या त्या करारांची आठवण होते. त्या पोरांचा मालकाशी करार कोण करून देतो?

फ्रान्समधील जॉन बॅप्टिस्ट द ला साल ह्यांचे उदाहरण तर आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाला थेट भिडते. फिलिपीन्सपासून अमेरिकेपर्यंत त्यांच्या नावाची विद्यापीठे आहेत. 1651 साली जन्मलेल्या ह्या श्रीमंत घरच्या धर्मगुरूने गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. त्या काळी वाचन शिकवीत ते आधी लॅटिनमधून. ह्यांनी ती चाल मोडली आणि मुलास प्रथम त्याच्या मायबोलीतून, फ्रेंचमधून, वाचावयास शिकविले. कारण साधे होते. गरिबाचे पोर दोनतीन वर्षेच शाळेत टिकणार. ती वर्षे परकी अक्षरे घोकण्यात गेली तर त्याच्या हाती काही लागणार नाही. पुढे 1950 साली ते सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरले. मराठी मुलखातील कॅथोलिक शाळांनी ह्या संताचे चरित्र वर्षातून एकदा तरी सभेत वाचावे, असे आम्हांस वाटते.

ह्याचा अर्थ आपल्याकडे असे काही झालेच नाही असा नाही. उलट झाले, आणि फार मोठे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघी धर्मगुरू पुण्याहून नगर जिल्ह्यात गेले. केंदळ, संगमनेर, राहाता ही त्यांची ठाणी. 1876 ते 1878 चा दुष्काळ नुकताच सरला होता. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि त्या बाजूस जाणाऱ्या माणसास दौंड हे दार झाले. ह्या मंडळींनी खेडोपाडी शाळा काढल्या, त्या मराठी. कित्येकदा मांगवाड्या-महारवाड्यांतून, जेथे दुसरी शाळा यावयास तयार नव्हती. पहिल्या महायुद्धात त्या जर्मन धर्मगुरूंस सरकारने स्थानबद्ध केले, परत पाठविले. गावातल्या शिक्षकांनी व धर्मशिक्षकांनी काम रेटीत ठेविले. आणि त्या शाळांच्या पाट्यांवर कोणते नाव होते? बहुधा पाटीच नव्हती. लोक तिला 'मिशनची शाळा' म्हणत, नाही तर 'फादरची शाळा'. पुढे संगमनेरास शाळा मोठी झाली तेव्हा तिला नाव मिळाले 'ज्ञानमाता'. ते इग्नेशियसचे नाव नव्हे, पण इग्नेशियसची शाळा मात्र खरी.

येथेच आमच्या मनातले शल्य आहे, ते सभ्यतेने पण स्पष्ट सांगतो. संस्थापकाचे काम जेथे त्याच्या मूळ हेतूच्या सर्वांत जवळ राहिले, तेथे त्याचे नाव नव्हते. आणि जेथे त्याचे नाव सुबक अक्षरांत झळकते, तेथे त्याची मुले, ज्यांसाठी त्याने आयुष्य वेचले ती मुले, विरळ दिसतात. आपल्या भागातील कित्येक कॅथोलिक कुटुंबांस हा अनुभव आहे. रविवारी ज्या संताची प्रार्थना म्हणावी, सोमवारी त्याच संताच्या नावाच्या एखाद्या दूरच्या संस्थेत आपल्या मुलास जागा नाही असे कळावे, हे सोसणे सोपे नव्हे. त्या संस्थांची नावे घेण्याचे आम्हांस कारण नाही.

आमचे म्हणणे ऐकून कोणी म्हणेल की, वक्तेमहाशय, शिक्षकांचे पगार संतांच्या नावाने भागत नाहीत. खरे आहे. अनुदानाशिवाय शाळा चालविणे म्हणजे काय हे ज्याने हिशेबाची वही उघडली आहे त्यालाच कळते. दुसरा कोणी म्हणेल, इंग्रजी माध्यम आम्हीच मागितले. फादरांनी लादले नाही. हेही खरे, आणि त्या मागणीस आम्ही हसत नाही. ज्या बापास कारखान्यात इंग्रजी येत नाही म्हणून खाली मान घालावी लागली, त्याने मुलासाठी इंग्रजी मागितले तर ला साल ह्यांनीही त्यास समजून घेतले असते. तिसरा आक्षेप कायद्याचा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतून पहिलीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस ठेवावयाच्या असे ठरले; 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस ह्या कायद्यातून वगळले. 2025 साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. निकाल काय लागावयाचा तो लागो. अल्पसंख्याकांचा आपल्या शाळा आपण चालविण्याचा हक्क आम्हांसही प्रिय आहे. परंतु राज्यघटनेने जी सूट दिली ती सरकारपासून. पाटीवर ज्याचे नाव आहे त्याच्यापासून नव्हे. त्याने आपली पंचवीस टक्क्यांवर बोळवण कधी होऊ दिली नाही.

आता आपल्यापुरते पाहू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. दसरा-दिवाळीच्या पुढे बीडकडून, नगरकडून तोडीची माणसे येतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता. रानात पाचटाची कोपी उभी राहते आणि त्या कोपीत सहा-सात वर्षांचे पोर धाकट्या भावंडास राखीत बसते. त्याचे नाव गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर असते, पोर येथे असते. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही थंडावल्या. हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. आता पंचांग पाहा. आर्नोल्ड यान्सेन ह्यांचा सण 15 जानेवारीस, सेबॅस्टियन ह्यांचा 20 जानेवारीस, डॉन बॉस्को ह्यांचा 31 जानेवारीस. म्हणजे ज्या दिवसांत शाळाशाळांतून तसबिरींस हार घातले जातात, नेमक्या त्याच दिवसांत ही मुले आपल्या बांधाशी असतात. झेवियरला ती शोधीत समुद्र ओलांडावा लागला. आपल्यास ओढा ओलांडला तरी पुरे.

म्हणून ज्युबिलीच्या समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवितो, आणि ती भाषणातच विरून जाऊ नये अशी विनंती करतो. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आणि शिक्षिका आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेली, हिशेब व इंग्रजी दोन्ही जाणणारी मंडळी आहेत. सुट्टीत घरी येणारी महाविद्यालयीन मुले आहेत. येत्या हंगामात, तोड सुरू होताच, दोघादोघांनी जवळच्या फडांवर जावे, कोपीकोपीतून मुलांची यादी करावी, आणि मुकादमाशी व आईबापांशी बोलून संध्याकाळचे दोन तास मराठी वाचन व अंकगणित चालवावे. जी मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामापुरती बसू शकतील त्यांस तेथे नेऊन बसवावे; मुख्याध्यापकांशी बोलण्याचे काम धर्मगुरूंनी पत्करावे. मुले कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे यादीत लिहू नये. पाट्या, पेन्सिली व कंदिलाऐवजी लागणारे सौरदिवे ह्यांचा खर्च ह्या स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरलेल्या रकमेत भागेल, असे खजिनदारांनी आम्हांस सांगितले आहे. पुण्याच्या ज्या शाळा संस्थापकांची नावे धारण करतात त्यांसही आम्ही पत्र लिहिणार आहोत. त्यांच्या वरच्या वर्गांतील मुलांनी डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवस येथे येऊन राहावे, म्हणजे ज्यांच्या नावाखाली आपण शिकतो ते काय करीत असत, हे त्यांस फडावर बसून कळेल.

शिरूरच्या बाजूचे काम कोणी पाहावे आणि दौंडच्या बाजूचे कोणी, हे आज सभा संपल्यावर ठरावयाचे आहे. त्यासाठी मंडपाच्या दाराशी मेजावर दोन वह्या ठेविल्या आहेत, एक घोडनदीची व एक भीमेची. ज्यांस येणे शक्य आहे त्यांनी आपले नाव, आठवड्यातले कोणते दोन वार मोकळे आहेत ते, आणि सायकल अथवा दुसरे वाहन आहे किंवा नाही, इतके लिहून जावे.